जुनी ठासणीची रायफल विकत घेताना

विदर्भात एखाद्या मालगुजारी वाड्याची वाटणी होते किंवा धाब्याचे जुने घर पाडून सिमेंटचे बांधायचे ठरते, तेव्हा माळ्यावरच्या अडगळीतून कधी कधी एक लांब नळीची बंदूक खाली येते. घरातली थोरली मंडळी तिला भरमार म्हणतात, पुस्तकी मराठीत ती ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी गजाने ठासून भरायची बंदूक असते आणि विकायला काढणारा तिचा उल्लेख बहुधा ‘अँटिक रायफल’ असा करतो. या शेवटच्या नावात दोन दावे दडलेले असतात. एक, ती खरोखर जुनी आहे; दुसरा, तिच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा आहेत. हे दोन्ही दावे स्वतः तपासता येतात, आणि तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. इतिहासाची आवड म्हणून अशी एखादी रायफल रीतसर घरी ठेवावी असे ज्यांना वाटते आणि दोन-तीन नगांतून एक निवडायचा आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. जागलीला नेऊन रोही-रानडुकरांवर चालवण्यासाठी जुनी नळी शोधणाऱ्या कास्तकाराने मात्र तो विचार सोडून द्यावा, कारण दीडशे वर्षांपूर्वीचे लोखंड आज किती दाब सोसेल हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

आधी कागद

वस्तू जुनी असली की परवाना लागत नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या अथवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. परंतु ती सूट जे शस्त्र आहे त्या स्थितीत किंवा दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही, त्यालाच मिळते. ठासणीच्या बंदुकीची रचना इतकी साधी असते की, घोडा तुटलेला असो वा चाप गंजलेला, चांगला कारागीर ती पुन्हा चालती करू शकतो; त्यामुळे बहुतेक नग या सुटीच्या बाहेरच राहतात. आपल्यासमोरचा नग सुटीत बसतो की नाही, हे विकणाऱ्याने किंवा आपण ठरवायचे नसून जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, आणि नागपूर व अमरावती शहरांत पोलीस आयुक्तालयाकडून, लेखी घ्यायचे असते. परवान्याच्या नियमांत ऐतिहासिक व संग्राह्य शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे, हे अर्ज करताना ध्यानात ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात; घरात आधीच एक परवान्याची बारा बोअर असेल, तर निवडीला एकच जागा उरते.

आता विकणाऱ्याची बाजू पाहू. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असा उल्लेख कायद्यातच आहे, आणि खेड्यांतील अनेक भरमार बंदुका अशाच परवान्यांवर घरात राहिल्या. अडचण अशी की, तो परवाना आजोबांच्या नावाचा असतो, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली असतात आणि नातू ‘कागद आहेत’ असे सांगत असतो. परवाना बंदुकीबरोबर वारशाने येत नाही. धारकाचा मृत्यू झाल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा, हा मार्ग आहे. म्हणून परवाना पाहताना त्यावरील नाव, नूतनीकरणाची शेवटची तारीख आणि बंदुकीचे वर्णन या तीन गोष्टी समोरच्या नगाशी ताडून पाहाव्यात. वर्णनात एकनळी लिहिले असून हातात दुनळी आली, तर तेथूनच परत फिरावे.

खाजगी व्यक्तीकडून घेताना आणखी एक अट आहे. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचे असते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हाती द्यायची नसते. ‘आज रोख द्या, उद्या कागद करू’ असे म्हणणारा माणूस दोघांनाही गोत्यात आणतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. तिचा धंदा करणाऱ्याकडे त्यासाठीचा परवाना लागतो आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. उलट परदेशातील विक्रेत्याकडून मागवायची, तर आयातीचा परवाना लागतो. तेव्हा जे काही निवडायचे ते देशातल्याच नगांतून निवडावे, हे बरे.

पूर्व विदर्भात एक सावधगिरी अधिक लागते. गडचिरोलीच्या बाजूला भरमार जप्त झाल्याच्या बातम्या वाचनात येतात, त्यांतील पुष्कळ नग गावठी बनावटीचे असतात. पाण्याच्या पाइपाची नळी, वेल्डिंगचे जोड, सायकलच्या सुट्या भागांतून बेतलेला चाप अशी बंदूक कितीही काळवंडलेली असली तरी ती पुरावस्तू नव्हे. नळीच्या लांबीभर सरळ सांधा दिसला, किंवा स्क्रूचे आटे आजच्या बाजारातल्या स्क्रूसारखे एकसारखे दिसले, तर ती हातात घेऊन कौतुक करण्याचाही मोह टाळावा.

नळी भरलेली आहे असेच समजावे

जुन्या बंदुका हाताळताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. कारतुसाची बंदूक उघडली की आत गोळी आहे की नाही ते दिसते. ठासणीच्या बंदुकीत तसे काही दिसत नाही. पूर्वी रानात नेलेली बंदूक न वाजवता परत आली, तर ती तशीच खुंटीला टांगली जाई. दारू काढून ठेवण्याचा कंटाळा सर्वांनाच असे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून नळीच्या तोंडाशी डोळा नेण्यापूर्वी गजाची परीक्षा करावी.

ती अशी. टोपीची बंदूक असेल, म्हणजे निपल नावाच्या पोकळ बोंडावर छोटी स्फोटक टोपी बसवून घोड्याच्या ठोक्याने पेटवायची असेल, तर निपलवर जुनी टोपी चिकटलेली नाही ना, हे पाहावे. असेल तर तिला हात न लावता काम तेथेच थांबवावे. टोपी नसेल तर घोडा खाली आहे याची खात्री करून, नळीचे तोंड कोणाकडेही नसेल अशी बंदूक आडवी ठेवावी आणि बाजूला उभे राहून एक बारीक लाकडी काठी आत हळूच सरकवावी, ठोकू नये. काठी जेथे थांबेल तेथे नळीच्या तोंडापाशी पेन्सिलीने खूण करून ती बाहेर काढावी आणि नळीला लागून बाहेरून धरावी. काठीचे टोक मागे बंदुकीच्या कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या भोकापर्यंत किंवा निपलच्या मुळापर्यंत, पोहोचले पाहिजे. काही बंदुकांच्या बुडाशी अरुंद कोठा असतो, तेथे थोडा फरक पडतो. पण दोन बोटांहून अधिक अंतर राहिले, तर आत काहीतरी ठासलेले आहे. ती गांधीलमाशीच्या मातीची गोळी असेल, चिंधी असेल किंवा दारू आणि शिसेही असेल. अशी नळी तापवू नये, तिच्यावर ड्रिल चालवू नये आणि गावच्या वेल्डरकडे तर मुळीच नेऊ नये. परवानाधारक बंदूक कारागिराने ती रिकामी केल्यावरच पुढचे बोलणे करावे. विकणारा हे मान्य करत नसेल, तर त्याच्याकडून इतर काही घेण्यातही अर्थ नाही.

रायफल आहे की नुसती बंदूक

नळी रिकामी आहे हे कळले की बारीक तारेला बांधलेला छोटा एलईडी दिवा आत सोडावा आणि आटे आहेत का ते पाहावे. रायफल म्हणजे आट्यांची नळी. आटे नसतील तर ती सपाट नळीची बंदूक, मग ती कितीही देखणी असो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुका, ज्यांत जळती वात चापाने रंजकावर, म्हणजे कानाशी घातलेल्या बारीक दारूवर टेकते, बहुतांश सपाट नळीच्याच असतात. गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या लष्करी बंदुकांचेही तसेच; इंग्रजांची ‘ब्राऊन बेस’ साधारण १९ मिलिमीटर व्यासाची सपाट नळी होती. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु रायफलीची किंमत देऊन त्या घेऊ नयेत.

खऱ्या लष्करी रायफलींपैकी सर्वांत ओळखीची म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली जिच्याभोवती असंतोष पेटला, तीच ही. तिची नळी ३९ इंच, व्यास ०.५७७ इंच म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर, आटे तीन, आणि नळीला दस्त्याशी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्याही तीन. १८५७ नंतर देशी शिपायांच्या हाती आटे असलेली रायफल द्यायची नाही असे ठरले आणि बाहेरून जवळजवळ तशीच, पण आतून सपाट आणि ०.६५६ इंच व्यासाची बंदूक त्यांच्यासाठी काढण्यात आली. दोन्ही नग शेजारी ठेवले तरी नवख्याला फरक कळत नाही. व्हर्नियर कॅलिपर तोंडाला लावला की कळतो: एक १४.७ च्या जवळ, दुसरी १६.७ च्या जवळ. दुसरा फरक मागच्या माशीत, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेत आहे. रायफलीवर अंतराचे आकडे असलेली, उभी होणारी शिडीसारखी माशी असते, सपाट नळीवर साधा ठोकळा. याखेरीज मुळात आटे असलेली नळी पुढे छर्रे मारण्यासाठी आतून खरवडून सपाट केल्याचेही आढळते. अशा नळीचा व्यास मापाहून मोठा भरतो आणि शिडीची माशी मात्र जागेवर असते.

आट्यांचा वेढा मोजण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि ती करून पाहण्यात मौजही आहे. काठीच्या टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळून ती नळीत बुडापर्यंत न्यावी, काठीच्या बाहेरच्या टोकावर वरच्या बाजूला खूण करावी आणि काठी बोटांत सैल धरून सरळ बाहेर ओढावी. चिंधी आट्यांतून फिरते तशी काठीही फिरते. १८५३ च्या एन्फिल्डचा वेढा ७८ इंचांना एक पूर्ण फेरा असा आहे, म्हणून ३९ इंचांच्या नळीत खूण बरोबर अर्धी फिरून खाली आली पाहिजे. दोन पट्ट्यांच्या आखूड एन्फिल्डला ३३ इंचांची नळी, पाच आटे आणि ४८ इंचांना एक फेरा असतो. तिच्यात खूण दोन तृतीयांशाहून थोडी अधिक फिरते. नकली नगात किंवा दुसरीच नळी जोडलेल्या नगात हा हिशेब जमत नाही.

१८३७ मध्ये स्वीकारलेली ब्रन्सविक रायफल याहून विचित्र आहे. तिच्या नळीत समोरासमोर दोनच खोल खाचा असतात आणि तिच्या गोळीलाही कमरपट्ट्यासारखी कड असे. नळीच्या तोंडाशी या दोन खाचा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे ती ओळखायला सर्वांत सोपी. नेपाळमध्येही ती बनवली जात होती. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला साठा २००३ साली विकला गेला, त्यातून हे नग जगभर पसरले. तेव्हा ब्रन्सविक दिसली की ती इंग्लंडचीच असे धरून चालू नये. तिसरा प्रकार साहेबलोकांच्या शिकारी रायफलींचा; त्यांना एकच ठरलेला नमुना नसतो, आणि म्हणूनच त्या पारखण्यात जास्त गोडी आहे.

शिक्के, सन आणि सांगोवांगी

चापाच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, बाजूच्या पत्र्यावर आणि नळीच्या बुडाशी काय कोरले आहे ते भिंगाखाली वाचावे. मुकुटाखालील ‘व्हीआर’ ही अक्षरे राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली. ‘जीआर’ त्याआधीच्या जॉर्ज राजांची. चकमकीच्या पत्र्यावर चार भागांत विभागलेले हृदय किंवा मागच्या पायांवर उभा सिंह असेल, तर माल ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले, म्हणून कंपनीची खूण आणि शेजारी १८६५ सन असा नग कोणीतरी हौसेने सजवलेला आहे असे समजावे. तसेच १८५३ च्या नमुन्यावर १८४२ सन असू शकत नाही. अक्षरे वेडीवाकडी असणे, एखादे अक्षर उलटे असणे, किंवा इतर सर्व जागा झिजलेली असताना शिक्का मात्र ठसठशीत असणे, या नकलेच्या खुणा आहेत. बर्मिंगहॅमचे नळीपरीक्षा केंद्र १८१३ चे. तेथील एकमेकांना छेदणाऱ्या राजदंडांचा शिक्का त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या नळीवर असेल, तर सांगणाऱ्याचा काळ चुकला आहे. शिकारी बंदुकांवर मॅन्टन हे लंडनच्या नामांकित बंदूक कारागिरांचे नाव वारंवार दिसते. त्या नावाची नक्कल त्या काळातच इतकी झाली होती की, केवळ नाव वाचून एक रुपयाही वाढवून देऊ नये.

घरातील कथेचेही तेच. ही बंदूक सीताबर्डीच्या लढाईतली, ही गाविलगडावरून आणलेली, असे मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी पडला आणि सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली. त्या काळात सैन्यांच्या हाती तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका होत्या. टोपीची एन्फिल्ड तेथे असणे शक्यच नाही. सांगणारा खोटे बोलत असतो असे नाही, दोन पिढ्यांत बंदूक बदलते आणि गोष्ट तीच राहते. ऐकून घ्यावी, वहीत लिहून ठेवावी, पण तिचे पैसे देऊ नयेत. डोळा तयार करायचा असेल, तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांच्या दालनात एक दुपार घालवावी. खरी झीज कशी दिसते ते एकदा डोळ्यांत बसले की बनावट झीज लगेच खटकते.

लोखंड आणि लाकूड

नळीवर पॉलिश कागद मारून ती चांदीसारखी चकचकीत केलेली असेल, तर विकणारा तिला ‘नव्यासारखी’ म्हणेल. जाणकार तिची किंमत तेवढ्यानेच उतरवेल, कारण शिक्क्यांच्या कडा आणि जुना तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही. सारखा, गुळगुळीत तपकिरी रंग हा दोष नव्हे, तो वयाचा पुरावा आहे. नारिंगी भुकटीसारखा सुटणारा गंज हा दोष आहे, आणि निपलच्या किंवा कानाच्या भोवती खड्डे पडलेले असतील तर तो मोठा दोष आहे. चिंधीची काठी आतून ओढताना कोठे एकदम सैल झाली, तर तेथे नळी फुगलेली असते. बाहेरून बोट फिरवल्यावर तेथे कडे लागते.

घोडा अर्ध्यावर चढवून चापाचा खटका हलकेच दाबावा. घोडा पडता कामा नये. पूर्ण चढवून मोकळा सोडू नये, अंगठ्याने धरून खाली आणावा, कारण निपलवर कोरडा ठोका बसला की निपलही जाते आणि घोड्याचे तोंडही. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर बंदूक अनेकांनी उघडलेली आहे. चापाचा पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये फट दिसली, किंवा फट मेणाने बुजवलेली असली, तर चाप एका बंदुकीचा आणि दस्ता दुसरीचा असण्याची दाट शक्यता आहे. दस्त्याची सर्वांत नाजूक जागा म्हणजे चापामागचा गळा. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाला तेथेच चीर पाडतो. चीर असेल आणि तिच्यावर जुनी पितळी पट्टी किंवा तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असेल, तर मी ते गुणांत धरतो. त्या काळच्या कोणा सुताराने केलेली ती दुरुस्ती बंदुकीच्याच इतिहासाचा भाग आहे. फेव्हिकॉल आणि भुसा भरून वर पॉलिश मारलेले असेल, तर तसे म्हणता येत नाही. वाळवीसाठी दस्त्याच्या तळाची पितळी पट्टी काढायला सांगावे. आत माती निघाली तर लाकूड पोकळ आहे.

तीन नगांतून एक

समजा तीन बंदुका समोर आहेत. पहिली तीन पट्ट्यांची एन्फिल्ड, पत्र्यावर १८५७ सन, घासून चकचकीत, आटे जवळजवळ पुसलेले, पण परवाना चालू आणि विकणाऱ्याच्याच नावाचा. दुसरी चांदीच्या तारकामाची तोड्याची बंदूक, पाहताक्षणी मन ओढून घेणारी, कागद काही नाहीत, आणि भोसल्यांच्या फौजेची म्हणून गोष्ट मात्र लांबलचक. तिसरी दुनळी शिकारी रायफल, टोपीची, प्रसिद्ध कारागिराचे नाव नाही, बर्मिंगहॅमचे शिक्के, अंगभर तपकिरी रंग, आटे धारदार, गज हरवलेला, कागद नीट.

दुसरी सर्वांत सुंदर असली तरी ती आधी बाजूला काढावी. कागद नसलेली बंदूक विकत घेता येत नाही आणि ती रायफलही नाही. तिच्या मालकाला ती रीतसर जमा करून पुढची वाट प्रशासनाला विचारण्याचा सल्ला द्यावा. पहिली आणि तिसरी यांत बहुतेक लोक पहिली घेतात, कारण १८५७ या आकड्याचे वजन मोठे आहे. मी तिसरी घेईन. हरवलेला गज दुसरा करून घेता येतो, पुसलेले आटे आणि घासलेले शिक्के परत आणता येत नाहीत. एन्फिल्ड कारखान्यात हजारोंनी बनली, म्हणून याहून बरी एन्फिल्ड पुढेमागे मिळेलच. त्या विशिष्ट मापाची, हाताने घडवलेली शिकारी दुनळी पुन्हा भेटेलच असे नाही. मात्र ती एन्फिल्ड न घासलेली आणि वेढ्याच्या परीक्षेत बरोबर अर्धी फिरणारी असती, तर मी इतक्या लवकर उत्तर दिले नसते. निवड काहीही होवो, नळी आखूड करणे किंवा क्रमांक व खुणा घासणे या गोष्टी कोणाच्याही सल्ल्याने करू नयेत. त्या गुन्ह्यात मोडतात. सुटीत बसवण्यासाठी नळीला भोक पाडून घ्या, असा सल्ला देणाराही भेटतो. त्याचे ऐकले तर हातात ना शस्त्र राहते ना पुरावस्तू.

घरी आणल्यावर

भिंतीवर टांगण्यापेक्षा कुलपाच्या कपाटात आडवी ठेवणे हे सुरक्षिततेसाठीही बरे आणि लाकडासाठीही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा लोखंडावर मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, उघड्या हाताचा घाम पुसून काढावा. दस्त्याला आपल्याच वावरातल्या जवसाचे तेल उत्तम. इंग्रज कारागीरही लाकडाला तेच चोळत. दोन-चार थेंब तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळावेत आणि उरलेले पुसून टाकावे. तेल भिजलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची असेल तर हळदकुंकू नळीला न लावता समोरच्या पाटावर वाहावे. ओली हळद आणि फुलांचे पाणी एका रात्रीत लोखंडाला डाग पाडते, आणि अनेक जुन्या नळ्यांवर बरोबर मधोमध जो बोटाएवढा खड्डा दिसतो, तो मला तरी वर्षानुवर्षांच्या अशा पूजेचाच वाटत आला आहे.